आपली वेबसाइट गुगलला वाचता येते का?

देवगडचा एखादा आंबा बागायतदार हौसेनं वेबसाइट करून घेतो. बागेचे फोटो, आजोबांपासूनची परंपरा, फोन नंबर, सगळं तिच्यात असतं. दोन हंगाम जातात आणि लक्षात येतं, की फोन येतात ते जुन्या गिऱ्हाइकांचेच. गुगलवर शोधून नवं कुणी आलेलं नाही. त्याच सुमारास एक फोन येतो : ‘महिन्याला अमुक रुपये द्या, तुम्हाला पहिल्या पानावर आणतो.’ हाच फोन गुहागरच्या होमस्टेवाल्यांना येतो, पुण्यातल्या क्लासवाल्यांना येतो, दिवाळी अंकांच्या संपादकांनाही येतो. पैसे देण्याआधी या सगळ्यांनी स्वतः करून पाहाव्यात अशा बऱ्याच गोष्टी आहेत आणि त्यांतल्या बहुतेक फुकट आहेत.

पहिल्या क्रमांकाची हमी कुणालाच देता येत नाही. वेबसाइटमालकांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शनात गुगलनंच हे स्पष्ट म्हटलं आहे. केलेल्या सुधारणांचा फायदा दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते एक वर्ष लागतं, असंही तिथे सांगितलं आहे. म्हणून ‘पंधरा दिवसांत’ असं कुणी म्हणालं की फोन ठेवून द्यावा.

घोडं कुठे पेंड खातंय?

शोधयंत्राचं काम तीन टप्प्यांत चालतं. गुगलचा बॉट एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जात पानं गोळा करतो. मग प्रत्येक पान कशाबद्दल आहे हे पाहून त्याची नोंद सूचीत होते. कुणी काही शोधलं की त्या सूचीतल्या पानांचा क्रम लावला जातो. आपण काळजी करतो ती तिसऱ्या टप्प्याची. पण मराठीतल्या कितीतरी लहान वेबसाइट पहिल्या दोन टप्प्यांतच अडकलेल्या असतात. सूचीतच नसलेल्या पानाला क्रमांक कुठून मिळणार?

तपासणी सोपी आहे. गुगलच्या शोधपेटीत रोमन अक्षरांत ‘साइट’ हा शब्द लिहा, त्याला लागून कोलन द्या आणि मधे जागा न सोडता आपल्या वेबसाइटचा पत्ता लिहा. आपली कोणती पानं गुगलकडे आहेत याचा अंदाज लगेच येतो. नेमकी माहिती हवी असेल तर ‘गुगल सर्च कन्सोल’मध्ये खातं उघडा. ते विनामूल्य आहे. वेबसाइट आपलीच आहे हे सिद्ध करण्यासाठी डोमेनच्या नोंदीत एक ओळ घालावी लागते. डोमेन विकणारी कंपनी त्यात मदत करते. सूचीत कोणती पानं आहेत, कोणती नाहीत आणि का नाहीत, हे सर्च कन्सोल पानागणिक सांगतं. ज्यांनी ते कधी उघडलेलंच नाही, त्यांनी पुढचा लेख बाजूला ठेवून आधी तेवढं काम केलं तरी चालेल.

तिथे ‘नोइंडेक्स’ हे कारण दिसलं तर वर्डप्रेसच्या सेटिंग्जमधलं ‘रीडिंग’ हे पान पाहा. शोधयंत्रांनी ही साइट सूचीत घेऊ नये, अशा अर्थाची एक चौकट तिथे असते. साइट बनत असताना ती खूण करून ठेवतात आणि काम पूर्ण झाल्यावर काढायची राहून जाते. ‘रोबोट्स.टीएक्सटी’ नावाची फाइलही उघडून बघा. ती बॉटला पान वाचण्यापासून अडवते. पान सूचीत येऊ नये यासाठी ती नाही. तो निरोप नोइंडेक्सचा. दोन्ही एकाच पानावर लावले, तर बॉट पानापर्यंत पोहोचत नाही आणि नोइंडेक्सचा निरोपही त्याला मिळत नाही.

यानंतर साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी, सर्च कन्सोलमध्ये देऊन टाका. तुमचं प्रत्येक महत्त्वाचं पान मुख्य पानावरून दोन-तीन क्लिकांत गाठता येतं ना, तेही पाहा. ज्या पानाकडे आपल्याच साइटवरून एकही दुवा जात नाही, ते बॉटनं शोधून काढावं अशी अपेक्षा करता येत नाही.

मराठी अक्षरं आणि यंत्र

आता खास आपला प्रश्न. जुन्या मराठी वेबसाइटवर, आणि त्याहून जास्त जुन्या पीडीएफमध्ये, मजकूर शिवाजी, कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांत असतो. या फॉन्टांमध्ये अक्षर मराठी दिसतं, पण आत कोड रोमन अक्षरांचा असतो. गुगलला तिथे मराठी दिसत नाही, निरर्थक रोमन अक्षरं दिसतात. तपासायचं असेल तर पानावरचा एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. तो मराठीच राहिला तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. त्याचा अगम्य रोमन पसारा झाला तर ते पान शोधाच्या दृष्टीनं कोरं आहे. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर विनामूल्य मिळतात. बदलल्यानंतर मुद्रितशोधन मात्र माणसानंच करावं, कारण रफार, जोडाक्षरं आणि अनुस्वार हमखास इकडेतिकडे होतात.

दिवाळी अंकांबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. दशकानुदशकांचं उत्तम लेखन पानं उलटणाऱ्या फ्लिपबुकमध्ये किंवा एका अवजड पीडीएफमध्ये बंद आहे. एखादा विद्यार्थी त्याच विषयावर शोधतो तेव्हा त्याला तो लेख दिसत नाही, कारण त्या लेखाला स्वतःचं पानच नाही. सगळा अंक युनिकोडमध्ये आणणं शक्य नसेल तर निदान अनुक्रमणिका आणा. प्रत्येक लेखाला वेगळं पान, त्यावर शीर्षक, लेखकाचं नाव, वर्ष, चार-पाच ओळींचा परिचय आणि पीडीएफचा दुवा. एवढ्यानंही लेखकाच्या नावानं शोधणारा माणूस तुमच्यापर्यंत पोहोचू शकतो.

युनिकोडमध्येही एक बारकावा आहे. ‘बऱ्याच’मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो : एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह. ‘ॲप’मधला ॲ तर तीन प्रकारे लिहिला जातो. पडद्यावर फरक जाणवत नाही किंवा जेमतेम जाणवतो. कोड मात्र वेगळे असतात. ब्राउझरमध्ये एका पद्धतीनं लिहून शोधलं तर दुसऱ्या पद्धतीनं लिहिलेला शब्द सापडेलच असं नाही. तुमच्या साइटच्या स्वतःच्या शोधपेटीचंही असंच होऊ शकतं. म्हणून सगळ्या लिहिणाऱ्यांनी एकच कीबोर्ड आणि एकच पद्धत ठरवून घ्यावी.

व्हॉट्सॲपवर फिरणारी रंगीत जाहिरात तशीच्या तशी वेबसाइटवर चढवणं हा तर सार्वत्रिक प्रकार आहे. दर, पत्ता, वेळ, सगळं चित्रात. चित्रातली अक्षरं यंत्र वाचेल या भरवशावर राहू नका. ती माहिती चित्राखाली मजकुरात लिहा आणि चित्राला वर्णनाची ओळ द्या. अंध वाचक स्क्रीन रीडरवर साइट ऐकतात तेव्हा त्यांनाही तीच ओळ ऐकू येते.

मराठी मथळ्यावरून वर्डप्रेस पानाचा पत्ताही मराठीत बनवतं. गुगलला त्याची अडचण नाही. पण असा पत्ता कॉपी करून पाठवला की अनेकदा त्याची टक्केचिन्हांची लांबलचक माळ होते. देवनागरीच्या एका चिन्हासाठी तिथे नऊ अक्षरं खर्च होतात आणि काना, मात्रा, वेलांटीही वेगळी मोजली जाते. वर्डप्रेस ही माळ दोनशे अक्षरांवर कापतं, म्हणजे साधारण बावीस चिन्हांनंतर मथळा तुटतो. नव्या पानांना रोमन अक्षरांत तीन-चार शब्दांचा सुटसुटीत पत्ता द्यावा. जुने पत्ते चालत असतील तर केवळ हौसेखातर बदलू नयेत.

आपले लोक शोधतात ते मराठीत, इंग्रजीत आणि रोमन अक्षरांतल्या मराठीतही. दादरला राहणारी एखादी बाई ‘देवगड हापूस पेटी रेट’ हे रोमन अक्षरांत टाइप करते. तिचा भाऊ फोनला मराठीत बोलून विचारतो. न्यू जर्सीतली भाची इंग्रजीत शोधते. मालाचं आणि गावाचं नाव शीर्षकात किंवा पहिल्या परिच्छेदात रोमन अक्षरांतही एकदा सहज येऊ द्या. इंग्रजी गिऱ्हाईक खरोखर असेल तर इंग्रजीचं वेगळं पान करा आणि दोन्ही पानं एकमेकांची भाषांतरं आहेत हे पानाच्या कोडमधल्या ‘एचरेफलँग’ या खुणेनं गुगलला कळवा. त्याच पानावर अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी अशी खिचडी करू नका. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवणं ही तर गुगलच्या नियमांनुसार फसवणूक आहे.

लोक काय विचारतात ते लिहा

इथवरचं सगळं यंत्रासाठी होतं. क्रमांक वर नेण्याचं खरं बळ मजकुरात आहे आणि इथे मराठी वेबसाइटला मोठी संधी आहे. इंग्रजीत कोणत्याही विषयावर हजार पानं आधीच हजर असतात. मराठीत रोजच्या कामाच्या कितीतरी प्रश्नांना नीट उत्तर देणारं एकही पान सापडत नाही.

बागायतदाराकडे ही उत्तरं तोंडपाठ असतात. पेटी आल्यावर आंबे लगेच फ्रिजमध्ये ठेवावेत का? घरी गवताची अढी कशी घालायची? आंबा बाहेरून चांगला दिसतो, मग आत साका का निघतो? कॅल्शियम कार्बाइडनं आंबा पिकवायला कायद्यानं बंदी आहे, तर मग तुम्ही कसा पिकवता? हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे येतात. मग बाहेरून आलेला आंबा ‘देवगड’ म्हणून विकला जातो तो ओळखायचा कसा? तुमची मानांकनाखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल तर तिचा क्रमांक पानावर दिला आहे का? हे प्रश्न गिऱ्हाइकं दर मोसमात फोनवर विचारतात. फोनशेजारी एक वही ठेवा आणि महिनाभर येणारे प्रश्न त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. शब्द शोधून देणाऱ्या कुठल्याही महागड्या साधनापेक्षा ही वही जास्त कामाची आहे.

जोडीला गुगलच्या पेटीत दोन शब्द टाइप करून खाली काय सुचवलं जातं ते पाहा. ‘गुगल ट्रेंड्स’वर मागणी कोणत्या आठवड्यात चढायला लागते तेही दिसतं. लिहिताना एका पानावर एकाच प्रश्नाचं पूर्ण उत्तर द्या. उत्तर पहिल्या दोन-तीन वाक्यांत यावं आणि तपशील त्यानंतर. आंबा उत्पादनाचा प्राचीन इतिहास सांगत अढीपर्यंत यायला आठशे शब्द लावलेत तर वाचक मधेच निघून जाईल. तुमच्याच बागेतले फोटो वापरा. साक्याचा कापलेला आंबा दाखवा. तुमच्यासारखा माणूसच देऊ शकेल अशी माहिती हीच तुमची ताकद, आणि ती विकत मिळत नाही.

इंग्रजी लेखांची यंत्राकडून मराठी भाषांतरं करून शेकडो पानं भरण्याचा मोह अनेकांना होतो आहे. क्रमांकासाठी घाऊक प्रमाणात निरुपयोगी मजकूर तयार करणं गुगलनं मार्च २०२४ पासून स्पष्टपणे गैरवापरात धरलं आहे, मग तो माणसानं लिहिलेला असो वा यंत्रानं. त्यापेक्षाही वाचकाचा विचार करा. ज्या पानावरचं मराठी वाचवत नाही, त्या पानाच्या मालकाकडून कुणी आंबा घेईल का?

शीर्षकाकडे खूप दुर्लक्ष होतं. ब्राउझरच्या टॅबवर आणि शोधाच्या निकालात दिसणारी ती ओळ ‘मुख्य पान’ किंवा ‘सुस्वागतम्’ अशी असेल तर ती वाया गेली. ‘देवगड हापूस थेट बागेतून : पेटीचे दर आणि पुणे-मुंबई घरपोच’ असं लिहिलं तर यंत्राला आणि माणसाला दोघांनाही कळतं. प्रत्येक पानाचं शीर्षक वेगळं हवं. शोधाच्या निकालात शीर्षकाखाली दिसणाऱ्या वर्णनानं क्रमांक बदलत नाही, पण ते वाचून माणूस क्लिक करतो, म्हणून ते जीव ओतून लिहावं. ‘कीवर्ड्स’चा मेटा टॅग भरत बसू नका. गुगल तो क्रमांकासाठी वापरत नाही, हे त्यांनी २००९ मध्येच जाहीर केलं होतं. आजही त्यासाठी पैसे आकारणारे लोक आहेत.

हंगामी मालाचं पान दरवर्षी नवं करू नका. एकच कायमचा पत्ता ठेवा आणि त्यावरचे दर, तारखा बदला. मोसम संपला की पान काढून टाकू नका; ‘यंदाचा हंगाम संपला, पुढची नोंदणी फेब्रुवारीत सुरू होईल’ असं लिहून फोन नंबर राहू द्या. त्या पानानं वर्षानुवर्षं जमवलेले दुवे आणि पत त्याच पत्त्याला चिकटलेली असते. आंबा मार्चमध्ये बाजारात येणार असेल तर पान डिसेंबरपर्यंत तयार हवं.

फोनवर उघडून बघा

गुगल आता वेबसाइटचं मोबाइलवरचं रूपच वाचतं. हा बदल २०२३ मध्ये पूर्ण झाला. संगणकावर दिसणारा मजकूर मोबाइलवर गाळला असेल तर गुगलसाठी तो नाहीच. वेगासाठी गुगलनं मापं दिली आहेत : पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा आणि वाचताना मजकूर उड्या मारू नये. ‘पेजस्पीड इनसाइट्स’वर पत्ता टाकला की तुमचे आकडे दिसतात. मराठी साइट जड होतात त्या मुख्यतः दोन कारणांनी. एक म्हणजे फोनवरून काढून तसेच्या तसे चढवलेले कित्येक एमबींचे फोटो. ते लहान करून वेबपी स्वरूपात टाकावेत. दुसरं, देवनागरी फॉन्टच्या फाइली. जोडाक्षरांमुळे त्या रोमन फॉन्टपेक्षा मोठ्या असतात. ‘मुक्त’ किंवा ‘नोटो’सारखा एखादाच फॉन्ट, त्याची दोनच वजनं, आणि फॉन्ट येईपर्यंत फोनमधल्या फॉन्टात मजकूर दिसत राहील अशी सोय, एवढं पुरे. वेग हा क्रमांकाचा एक घटक आहे, सर्वांत मोठा नव्हे. पण वेंगुर्ल्याच्या कमी रेंजच्या वाडीत तुमचं पान उघडणाऱ्यासाठी तोच सर्वांत मोठा असतो.

नकाशावरची जागा

होमस्टे, दवाखाना, खानावळ, क्लास यांनी वेबसाइटच्या आधी ‘गुगल बिझनेस प्रोफाइल’ नीट भरावं. जवळपासच्या शोधात गुगल तीन गोष्टी पाहतं : शोधलेल्या गोष्टीशी तुमचा मेळ, अंतर आणि तुमची ख्याती. अंतर आपल्या हातात नाही. व्यवसायाचा अचूक प्रकार, वेळा, सुट्ट्या आणि ताजे फोटो मात्र आहेत. नावात ‘बेस्ट’, ‘स्वस्त’, गावाचं नाव वगैरे शब्द कोंबू नका. ते नियमांत बसत नाही आणि प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. ज्यांचं दुकान नाही, माल घरपोच जातो, त्यांनी पत्ता झाकून सेवा देण्याचा भाग दाखवावा. गिऱ्हाइकांकडे अभिप्राय जरूर मागा, पण त्याबदल्यात सवलत देऊ नका. वाईट अभिप्रायाला शांतपणे, मुद्द्याचं उत्तर द्या. पुढचं गिऱ्हाईक ते वाचतं.

या प्रोफाइलबरोबर गुगल पूर्वी एक फुकट वेबसाइटही देत असे. ती सोय मार्च २०२४ मध्ये बंद झाली आणि ज्यांची सगळी मदार तिच्यावर होती त्यांना नव्यानं सुरुवात करावी लागली. फेसबुक पानावर किंवा इन्स्टाग्रामवरच सगळा संसार थाटणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

डोमेन कुणाच्या नावावर?

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सर्वांत मोठं नुकसान इथे होतं. डोमेन म्हणजे वेबसाइटचा सातबारा. तो मालकाच्याच नावावर हवा. प्रत्यक्षात डेव्हलपर स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर डोमेन घेतो. दोन वर्षांनी तो नोकरीला लागतो, फोन उचलत नाही, नूतनीकरणाची सूचना त्याच्या ईमेलवर येऊन पडून राहते आणि डोमेन सुटतं. सुटलेली डोमेन विकत घेऊन त्यांच्या जुन्या पुण्याईवर जुगाराच्या किंवा कर्जाच्या जाहिराती चालवणारे टपूनच बसलेले असतात. शाळेच्या किंवा वाचनालयाच्या जुन्या पत्त्यावर असं काही उघडलं की संस्थेची अब्रू जाते. आजच डोमेन कंपनीच्या खात्यात स्वतःच्या ईमेलनं लॉगिन करता येतं का, ते पाहा. येत नसेल तर डेव्हलपरशी संबंध चांगले आहेत तोवरच हस्तांतर करून घ्या. नूतनीकरण पाच वर्षांचं एकदम करून ठेवलेलं बरं.

दुसरं नुकसान साइटचं रूप पालटताना होतं. नवी साइट झळकते, पण जुन्या पानांचे पत्ते बदललेले असतात. वर्तमानपत्रांनी, पर्यटकांनी, इतर संस्थांनी दिलेले सगळे दुवे ‘पान सापडत नाही’वर जाऊन आदळतात आणि येणारे वाचक अचानक घटतात. नवीन साइट सुरू करण्याआधी जुन्या पत्त्यांची यादी काढून प्रत्येक जुना पत्ता त्याच विषयाच्या नव्या पत्त्याकडे ३०१ प्रकारानं, म्हणजे कायमचा, वळवायला सांगा. सगळे पत्ते मुख्य पानाकडे वळवणं चुकीचं आहे. करारातच हे लिहून घ्या.

दुवे मिळतात कसे?

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये गुगलची कल्पना मांडली तिचा पायाच दुवे हा होता : ज्या पानाकडे चांगली पानं बोट दाखवतात ते पान महत्त्वाचं. आज शेकडो इतर गोष्टी पाहिल्या जात असल्या तरी दुव्याचं वजन आहे. म्हणूनच ‘पाच हजार बॅकलिंक’ विकण्याचा धंदा चालतो. २०१२ मधल्या ‘पेंग्विन’ बदलापासून गुगल असे दुवे ओळखण्याच्या मागे आहे. विकत घेतलेल्या दुव्यांनी क्रमांक खाली जाऊ शकतो. खरे दुवे ओळखीतून आणि कामातून येतात. तुमचा आंबा वापरणारं आमरसाचं हॉटेल, तुमच्याकडे उतरलेला प्रवासलेखक, तालुक्याच्या पर्यटनाची साइट, तुम्ही ज्या उत्पादक संस्थेचे सभासद आहात ती संस्था, यांना फोन करून दुवा मागायला संकोच करू नका. विकिपीडियावर मात्र स्वतःची जाहिरात करायला जाऊ नका. तिथल्या बाहेरच्या दुव्यांना ‘हा दुवा मोजू नका’ असं गुगलला सांगणारं ‘नोफॉलो’ लावलेलं असतं, आणि स्वयंसेवकांना ती घाण साफ करावी लागते.

आकडे कसे वाचावेत?

सर्च कन्सोल सोळा महिन्यांचे आकडे ठेवतं. आंब्याच्या साइटनं एप्रिलची तुलना मार्चशी करून उपयोग नाही, गेल्या एप्रिलशी करावी. कोणत्या शब्दांवर तुमचं पान पुष्कळदा दिसतं पण क्लिक कमी होतात, ते शोधा. तिथे शीर्षक आणि वर्णन सुधारलं की फरक लवकर पडतो. ज्या शब्दांवर तुमचं पान दहाव्या-पंधराव्या जागी आहे, त्यांच्याबद्दलची माहिती त्या पानात वाढवा. स्वतःच्या फोनवर रोज शोधून क्रमांक मोजू नका, कारण ठिकाण आणि पूर्वीच्या शोधांनुसार निकाल बदलतात. शोधाच्या वरच यंत्रानं लिहिलेली उत्तरंही आता भारतात दिसू लागली आहेत, त्यामुळे साध्या माहितीच्या पानांवरचे क्लिक घटू शकतात. मोजायचे ते फोन आणि मागण्या.

एवढं करूनही मदत लागली तर जरूर घ्या; या क्षेत्रात प्रामाणिक, जाणकार माणसंही आहेत. त्यांना आधी विचारा, की पहिल्या महिन्यात नेमकं काय कराल, दुवे कुठून आणाल, आणि केलेल्या प्रत्येक बदलाची लेखी नोंद द्याल का. सर्च कन्सोलमध्ये मालकाचा अधिकार स्वतःकडे ठेवून त्यांना वापरकर्ता म्हणून जोडा, डोमेनचा पासवर्ड देऊ नका, आणि काम संपलं त्याच दिवशी त्यांचा प्रवेश काढून घ्या.